जुनी उंची मोटार घेतांना

मध्यमवर्गीय माणसाच्या संसारांत कांहीं मोह असे असतात कीं, ते ऐन तारुण्यांत कधीं शिवत नाहींत. निवृत्तीची रक्कम हातीं पडली म्हणजे मात्र दबक्या पावलांनीं घरांत येऊन बसतात. जुनी, परंतु एके काळीं मोठ्या थाटाची अशी परदेशी बनावटीची मोटार हा त्यांपैकींच एक मोह होय. जी गाडी दहाबारा वर्षांपूर्वीं कोणा कारखानदारानें पन्नास लाखांस घेतली, तीच आज एखाद्या नव्या साधारण गाडीच्या किंमतींत मिळते, हें ऐकलें म्हणजे हिशेबी म्हणविणाऱ्या गृहस्थाचेंही मन चळतें.

आमचे थोरले बंधु अण्णा महाविद्यालयांतून निवृत्त झाल्यास तीन वर्षें झालीं. त्यांच्या रकमेंतून घरच्या वापरास एक मोटार घ्यावी हें ठरलें होतें. ती कोणती, यावर मात्र एकमत होत नव्हतें. मातोश्रींचें वय ८६. खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून हल्लींच्या उंच, जीपवजा गाड्यांत पाय उचलून चढणें त्यांना जमत नाहीं. आणि लहान गाडींत बसविलें, तर रस्त्यांतला प्रत्येक खड्डा त्यांच्या खुब्यास कळतो. गुहागरास जाऊन कुलस्वामी व्याडेश्वराचें दर्शन एकदां घडावें, एवढीच त्यांची इच्छा राहिली आहे; आणि पुण्याहून गुहागर म्हणजे कुंभार्ली घाट उतरणें आलें. तेव्हां बुटकी, लांब, मऊ बैठकीची गाडी हवी हा अण्णांचा आग्रह निव्वळ चैनीचा नव्हता. तरी पण रक्कम जन्माच्या कमाईची, आणि घरांत माणसें अकरा. शेवटीं शोधाचें काम आम्हांकडे व धाकट्या पुतण्याकडे आलें. नाना पेठेंतील एका जुन्या मिस्त्रींस बरोबर घेऊन चार महिन्यांत आम्हीं सात गाड्या पाहिल्या. त्यांत जें दिसलें, आणि जाणत्यांकडून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा, अशी आपल्याकडे म्हण आहे. जुन्या उंची मोटारीची गोष्ट जरा निराळी आहे. या हत्तीची किंमत दर वर्षीं उतरत जाते, पण त्याचा चारा उतरत नाहीं. पन्नास लाखांची गाडी दहा लाखांस मिळाली, म्हणून तिचा गिअरबॉक्स दहा लाखांच्या गाडीचा होत नाहीं. बिघडला म्हणजे तो आपल्या मूळच्या इतमामानेंच पैसे मागतो. पहिल्या मालकास हा खर्च जाणवत नाहीं, कारण त्याच्या वेळीं गाडी नवी व हमीच्या मुदतींतली असते. दुसरा मालक चालढकल करतो. तिसरे मालक म्हणजे आपण. दुसऱ्यानें केलेली चालढकल गाडीच्या पोटांत कोठें कोठें सांचून राहिली आहे, हें हुडकून काढणें याचेंच नांव जुनी गाडी पारखणें.

पुण्याच्या लोकांस या गाड्यांचें आकर्षण विशेष. आणि त्यास कारणही आहे. मर्सिडीझ-बेंझची मोटार भारतांत जुळविली जाऊं लागली ती १९९५ सालीं, पुण्यांत टेल्कोच्या आवारांत. पुढें २००९ सालीं चाकणला त्या कंपनीचा स्वतःचा कारखाना झाला. त्या पहिल्या पिढीच्या चौकोनी गाड्यांची कीर्ति खोटी नव्हे. परंतु सुमारें १९९२ ते १९९५ या काळांतल्या या कंपनीच्या अनेक गाड्यांत, इंजिनावरील विजेच्या तारांना जें वेष्टण घातलें होतें, तें निसर्गास अपाय होऊं नये म्हणून लवकर विरून जाणारें असें निवडलेलें होतें. तें इंजिनाच्या उष्णतेनें गाडी चालती असतांनाच विरूं लागलें, आणि तारा उघड्या पडल्या. हेतु उदात्त, परिणाम असा! तेव्हां त्या काळची गाडी कोणी हौसेनें घेत असेल, तर इंजिनावरच्या तारांचा जुडगा बदललेला आहे कीं नाहीं, हें त्यानें प्रथम विचारावें.

गाडी पाहण्यास जावयाचें तें सकाळीं, आणि इंजिन आधीं सुरू करूं नये असें बजावून. गेल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवावा. तें कोमट लागलें तर विकणाऱ्यानें इंजिन तापवून ठेवलें आहे असें समजून खुशाल परत फिरावें व दुसऱ्या दिवशीं जावें. थंड इंजिन पहिल्या दोनतीन सेकंदांत जें बोलतें, तें तापल्यावर बोलत नाहीं. त्या क्षणीं खडखड असा आवाज आला, तर टायमिंग चेन सैल झाल्याचा संशय घ्यावा. ही साखळी इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडमीट करवते. ती तुटली तर झडपा पिस्टनवर आदळून सारें इंजिनच मोडीत निघतें. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ च्या सुमाराच्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनांत ही साखळी इंजिनाच्या मागच्या अंगास, गिअरबॉक्सच्या बाजूला बसविलेली आहे, आणि तिची झीज ही त्या इंजिनाची प्रसिद्ध खोड आहे. साखळीची किंमत फारशी नाहीं; पण तिच्यापर्यंत हात पोंचविण्यासाठीं गिअरबॉक्स किंवा इंजिनच उतरवावें लागतें, आणि खरा खर्च तो. मर्सिडीझच्या २००५ ते २००७ च्या सुमाराच्या सहा सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनांतही असेंच एक वर्म आहे. त्यांतील बॅलन्स शाफ्टवरचें दातेरी चक्र मऊ धातूचें निघाल्यामुळें झिजतें, आणि तें बदलावयाचें तर पुन्हां इंजिन खालीं उतरविणें आलें. एंजिन क्रमांकावरून अशा गाड्या ओळखतां येतात. जाणत्या माणसाकडून तो क्रमांक पडताळून घ्यावा. तेलाचें झांकण उघडून आंत पाहणें हें तर कोणासही जमण्यासारखें आहे. आंत ताकासारखा पांढुरका फेस दिसला, तर तेलांत पाणी मिसळत असण्याचा संभव असतो.

गिअरबॉक्सविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण ग्राहक बहुधा तेथेंच फसतो. या गाड्यांच्या माहितीपुस्तकांत पुष्कळदां असें लिहिलेलें असतें कीं, स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल आयुष्यभर पुरेल. आयुष्य कोणाचें, हें मात्र लिहिलेलें नसतें. बीएमडब्ल्यू, जॅग्वार इत्यादि अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरविणारी झेड-एफ ही जर्मन कंपनी स्वतःच सांगते कीं, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरनंतर, अथवा आठ वर्षांनीं, तेल बदलावें. तिच्या सहा गिअरांच्या पेटींत तेलाची गाळणी व खालचें तबक मिळून प्लास्टिकचा एकच तुकडा असतो; गाळणी बदलावयाची तर तबकासकट बदलावी लागते. हा खर्च टाळलेल्या गाड्याच बाजारांत अधिक येतात, असा आम्हांस अनुभव आला. मर्सिडीझच्या जुन्या पांच गिअरांच्या पेटींत एक मोठी गमतीची विकृति आढळते. पेटींत विजेच्या तारा जेथें शिरतात, तेथल्या जोडणींतील रबरी कडें म्हातारें होतें. मग तेल तारेच्या आंतून, दिव्याच्या वातींतून चढावें तसें, हळूहळू वर चढत जाऊन थेट नियंत्रक यंत्राच्या पेटींत पोंचतें. कारण दहावीस रुपयांचें म्हणावें असें, आणि खराब होतें तें महागडें यंत्र! परीक्षा अशी कीं, गाडी निदान अर्धा तास चालवावी, गर्दींतही व मोकळ्या रस्त्यावरही. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जातांना धक्का बसतो कीं काय, आणि पूर्ण तापल्यावर उभ्या गाडींत मागचा गिअर घेतांना ती क्षणभर विचार करून मग हिसका देते कीं काय, हें पाहावें. आमच्या पाहणींतली तिसरी गाडी दिसावयास राजकन्येसारखी होती. बाणेरहून परततांना तिनें असा एक हिसका दिला, आणि मिस्त्री मागच्या बैठकीवरून शांतपणें म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, ही दुसऱ्याच्या घरीं नांदूं द्या."

आतां हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनविषयीं. मर्सिडीझच्या एस-क्लासमध्यें १९९८ पासून पोलादी स्प्रिंगांच्या जागीं हवेनें फुगविलेल्या रबरी पिशव्या आल्या, आणि पुढें ही सोय अनेक उंची गाड्यांत पसरली. ऐन भरांत असतांना या बैठकीचें सुख अवर्णनीय, यांत शंका नाहीं. परंतु रबर तें रबर. दहा पावसाळे व दहा उन्हाळे काढल्यावर त्यास बारीक चिरा पडतात. हवा गळूं लागली कीं ती भरून काढण्यासाठीं पंप अष्टौप्रहर धापा टाकूं लागतो, आणि शेवटीं तोही जळतो. म्हणजे एका पिशवीच्या दुर्लक्षापायीं दोन बिलें. नाशिकच्या आमच्या मावसभावांनीं अशी एक गाडी घेतली होती. रात्रीं दारांत उभी केलेली गाडी सकाळीं एका चाकावर बसलेली आढळे, उंट बसतो तशी. इंजिन चालू केल्यावर पांच मिनिटांनीं ती कशीबशी उठे. घरांतल्या मुलांस याचें फार कौतुक वाटे. मावसभावांस वाटेनासें झालें. म्हणून अशी गाडी पाहावयाची झाली, तर संध्याकाळीं चारही चाकांवरची पोकळी बोटांनीं मोजून ठेवावी व सकाळीं पुन्हां मोजावी. विकणारा यास तयार नसेल, तर त्याच्या नकारांतच उत्तर आलें.

घाटांत जावयाचें म्हणून ब्रेकांची आम्हीं विशेष चौकशी केली. मर्सिडीझच्या ई-क्लासमध्यें २००२ ते २००६ या काळांत एक नवीन पद्धति होती. तींत पायाचा दाब विजेच्या संकेतानें पंपास कळे, आणि पंप चाकांवर ब्रेक लावी. कल्पना मोठी हुशारीची. परंतु त्या पद्धतींतील दोषापायीं मे २००४ मध्यें कंपनीस ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, व २००६ च्या सुमारास ई-क्लासमधून ती पद्धतच काढून टाकण्यांत आली. तिच्या पंपास ब्रेकांची संख्या मोजणारें यंत्र असतें. ठराविक संख्या भरली कीं पंप बदला असा इशारा येतो. मुंबईच्या गर्दींत वापरलेल्या गाडीची ती संख्या केव्हां भरत आली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. आम्हीं तेवढ्या सालांच्या गाड्या पाहण्याचेंच सोडून दिलें.

पण आमच्या पश्चिम महाराष्ट्रांत आणि कोंकणांत या गाड्यांचा खरा शत्रु इंजिनांत नसतो, तो आकाशांत असतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां किती मोटारी पाण्याखालीं गेल्या तें सर्वांस आठवतच असेल. तसा पाऊस रोज पडत नाहीं. तथापि दर पावसाळ्यांत कोठें ना कोठें वस्त्या बुडतात, आणि बुडालेल्या गाड्या धुवूनपुसून दुसऱ्या गांवच्या बाजारांत उभ्या राहतात. जुन्या साध्या गाडींत पाणी शिरलें तर वाळविलें कीं भागे. उंची गाडींत बैठकींच्या खालीं, पायपोसांच्या खालीं, डिकींत, जागोजाग विजेचीं नियंत्रक यंत्रें दडविलेलीं असतात. त्यांच्या जोडण्यांवर हिरवा गंज एकदां चढला, म्हणजे आज कांच खालीं होत नाहीं, उद्यां दिवा लागत नाहीं, परवां गाडीच सुरू होत नाहीं, असें दुखणें लागतें कीं त्याचें निदान ब्रह्मदेवासही होऊं नये. आणि यासाठीं पूरच यावा लागतो असेंही नाहीं. पुढच्या कांचेखालीं जी पन्हळ असते, तिचीं भोकें झाडाच्या पानांनीं बुजतात. छतांत उघडणारी कांच असेल तर तिच्या चार कोपऱ्यांच्या नळ्या बुजतात. मग पावसाचें पाणी बाहेर न जातां गुपचूप आंत येतें. गुलमोहराखालीं उभी राहणारी गाडी म्हणूनच आम्हांस संशयास्पद वाटूं लागली आहे. पांचवी गाडी अशीच होती. वरून निर्दोष, अत्तराचा सुवास सुटलेला. अत्तर कशासाठीं, असें मनांत येऊन पुतण्यानें पुढच्या बैठकीखालचा गालिचा उचलला, तों खालचा स्पंज ओलाचिंब, आणि बैठकीच्या लोखंडी पट्टींत बारीक गाळ. तो गृहस्थ म्हणाला कीं, मुलानें पाण्याची बाटली सांडली. बाटलींत गाळ कोठून आला, हें आम्हीं विचारलें नाहीं. गालिचा उचलण्यास संकोच करूं नये. लग्न ठरवितांनाही आपण याहून नाजूक चौकशा करतों.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाक्या व नळ्या या गाड्यांत बहुधा प्लास्टिकच्या असतात, आणि आठदहा वर्षांत त्या पापडासारख्या ठिसूळ होतात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही विजेवर चालणारा आहे. तो सूचना न देतां बंद पडतो. एकदां इंजिन उकळलें म्हणजे वरचें डोकें वांकडें होण्याची भीति, म्हणून टाकी, नळ्या व पंप घेतल्याबरोबर नवे घालावेत असें मिस्त्रींचें मत पडलें, आणि तें आम्हांस पटलें. पेट्रोल गाडी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल असतें. त्यापूर्वींच्या बहुतेक जुन्या गाड्यांचीं रबरी कडीं व नळ्या या मिश्रणासाठीं घडविलेल्या नाहींत. डिझेल गाडीचें दुखणें निराळें. तिच्या धुरांतील काजळी अडविणारी गाळणी लांबच्या वेगवान प्रवासांतच जळून साफ होते. गाडी केवळ शहरांतल्या शहरांत फिरली असेल, तर ती गाळणी तुंबते.

गाडी किती चालली हा आंकडा बदललेला असूं शकतो, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. ५० हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीचें स्टिअरिंग घासून गुळगुळीत झालें असेल, आणि ब्रेकच्या पावट्यावरचें रबर झिजलेलें असेल, तर आंकड्यावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. शिवाय हा आंकडा गाडींतील एकापेक्षां अधिक यंत्रांत नोंदलेला असतो. चांगल्या स्कॅनरनें तो पडताळतां येतो. स्कॅनर लावला आणि एकही दोष दिसला नाहीं, तर आनंदून जाऊं नये. आदल्या दिवशींच सारे दोष पुसून टाकलेले असूं शकतात. दोष पुसले कीं गाडीच्या स्वतःच्या कांहीं तपासण्या अपुऱ्या राहतात, आणि तेंही स्कॅनर दाखवितो. टायरांच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून टायरचें वय कळतें, आणि मालकाचा स्वभावही थोडासा. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगा उष्ण व दमट हवेंत बिघडून धोकादायक होतात म्हणून जगभर कोट्यवधि गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यांत मर्सिडीझ व बीएमडब्ल्यूच्याही होत्या. कोंकणपट्टींतल्या गाडीविषयीं ही चौकशी चुकवूं नये. गाडीचा चॅसिस क्रमांक कंपनीकडे दिला कीं ती होते.

कागदपत्रांचें थोडक्यांत सांगतों. हस्तांतरासाठीं २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म लागतात; गाडीवर पूर्वीं कर्ज असेल तर तें फिटल्याची नोंद पुस्तकांत झालेली असावी; विम्याच्या हस्तांतराचा अर्ज १४ दिवसांच्या आंत करावा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते. म्हणून बारा वर्षांची गाडी घेतांना तीन वर्षांनंतरचाही विचार करावा.

सहावी गाडी एका डॉक्टरांची होती. एकच मालक, पोलादी स्प्रिंगा, आणि पहिल्या दिवसापासूनचीं सारीं बिलें एका फायलींत तारीखवार लावलेलीं. गिअरबॉक्सचें तेल दोनदां बदललेलें. किंमत मात्र तशाच इतर गाड्यांहून दीड लाख अधिक. सातवी गाडी तिच्याहून चकचकीत होती व स्वस्तही. अण्णांचा ओढा तिकडे. रात्रीं जेवणें झाल्यावर सारें घर ओटीवर बसलें, आणि बराच वेळ वाद चालला. तेव्हां अण्णांच्या सूनबाई, ज्या एरवीं वडील माणसांच्या बोलण्यांत पडत नाहींत, एवढेंच म्हणाल्या, "बाबा, गाडी महिनाभर मिस्त्रीकडे उभी राहिली, तर आजींना दर पंधरवड्यास इस्पितळांत कशी नेणार? आणि त्या महिन्याचें बिल कशांतून देणार?" दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कोणाजवळच नव्हतें. त्यावर असें ठरलें कीं, डॉक्टरांचीच गाडी घ्यावयाची. गाडीच्या किंमतीच्या एकतृतीयांश इतकी रक्कम निराळी काढून बँकेंत ठेवावयाची, आणि तिला गाडीशिवाय कशासाठींही हात लावावयाचा नाहीं. शिवाय घरची जुनी लहान मोटार विकावयाची नाहीं. या तिसऱ्या अटीस अण्णांनीं बराच विरोध केला, पण त्यांचें कांहीं चाललें नाहीं.

पहिल्या वर्षांतच त्या निराळ्या रकमेपैकीं निम्म्याहून अधिक खर्च झाली. पाण्याची टाकी, नळ्या व पंप, इंजिनाखालचे रबरी माउंटिंग, चार टायर, आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पुढची पाळी. यांतील एकही खर्च अनपेक्षित नव्हता. फाईल पाहून मिस्त्रींनीं आधींच यादी करून दिली होती, आणि ती जवळजवळ तशीच खरी ठरली.

मार्गशीर्षांत मातोश्रींस घेऊन आम्ही गुहागरास गेलों. कुंभार्ली घाट उतरतांना त्या स्वस्थ झोंपल्या होत्या. चिपळूण आल्यावर जाग्या होऊन त्यांनीं विचारलें कीं, घाट अजून किती लांब आहे. परत येतांना मात्र पुढच्या उजव्या चाकाशीं बारीक खडखड ऐकूं येऊं लागली. तो खालच्या आर्मचा बुश आहे असें मिस्त्री म्हणतात, आणि डाव्या बाजूचाही त्याबरोबरच बदलावा असा त्यांचा सल्ला आहे. पुढच्या महिन्यांत तें काम करावयाचें आहे.